पुढच्या सीटवरचा थर्मास

मी थर्मास बोलतोय. उदगीरच्या अमृतरावांच्या जीपमधला. ज्या दुकानात मी विकला गेलो तिथं मला वॉटर जग म्हणत. पण ज्या घरात आलो त्या घरानं पहिल्याच दिवशी माझं नाव थर्मास ठेवलं, आणि तेच राहिलं. माझ्यात बारा लिटर पाणी मावतं. अंग नारिंगी, झाकण एके काळी पांढरं. खाली पुढच्या बाजूला तोटी. उजव्या कुशीवर एक वितळलेला डाग आहे. बदामीच्या वाटेवर एका चिंचेखाली मी पेटत्या स्टोव्हच्या फार जवळ बसलो होतो, त्याची ती खूण.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं, दोन भिंतींच्या मध्ये फेस भरला, झाकण बसवलं, की झालो. आमच्यासारखे शेकडो एका दिवसात जन्माला येतात, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं आयुष्य नांदेडच्या बाजारात सुरू झालं, चंद्रप्पा गुरुजी दुकानात आले तेव्हा.

गुरुजी देवणीच्या शाळेत भूगोल शिकवत. उंच, किडकिडीत माणूस. त्यांनी दुकानदाराला माझ्यात काठोकाठ पाणी भरायला लावलं आणि तोटीखाली तळहात धरून उभे राहिले. एक मिनिट झालं, पाच मिनिटं झाली.

"गुरुजी, काय करून राहिलाव?" दुकानदार म्हणाला.

"गळतो का बघून राहिलो."

"नवा माल हाय हो."

"नवा हाय म्हणूनच बघायचं. जुना गळतो हे ठाऊकच असतंय."

मी गळलो नाही. एसटीनं उदगीरपर्यंत गुरुजींनी मला मांडीवर घेऊन आणलं आणि आपल्या मित्राच्या, अमृतरावांच्या, जीपमध्ये ठेवलं. अमृतरावांचं पेंडीचं दुकान. गावोगावचे लोक आपल्या गुरांसाठी त्यांच्याकडून सरकीची पेंड नेत. जीप जुनीच घेतलेली, दुकानाच्या कामासाठी. पण दिवाळीचा पाडवा झाला की तिच्यातल्या गोण्या उतरायच्या, ती धुतली जायची आणि बारा दिवस ती फक्त फिरण्यासाठी असायची.

त्यांची फिरण्याची एक पद्धत होती. कुठं जायचं ते साधारण ठरलेलं असे, कुठं थांबायचं ते नसे. हॉटेल नाही, आधी कळवणं नाही. बसवकल्याणवरून खाली कर्नाटकात उतरायचं. रात्रीला एखादा मठ गाठायचा. तिथं "शरणार्थ" म्हणून हात जोडले की पाठ टेकायला जागा आणि दासोहाच्या, म्हणजे मठातल्या अन्नदानाच्या, पंगतीला गरम भात मिळायचा. दुपारी रस्त्याकडेचं चांगलं झाड बघून थांबायचं. सतरंजी पसरायची, स्टोव्ह काढायचा, महानंदाबाईंनी पिठलं टाकायचं. त्या अमृतरावांच्या पत्नी. मागच्या सीटवर डबे, पीठ, रॉकेलचा कॅन आणि लहानगा मल्लिनाथ यांच्या मधोमध त्यांची जागा.

पुढं डावीकडच्या सीटवर गुरुजी आणि त्यांच्या दोन पायांच्या मध्ये मी. गुरुजींना घरी कुणी नव्हतं, त्यामुळे ही बारा दिवसांची सुट्टी म्हणजेच त्यांचं घर. ते सारखे बोलत. डोंगर कशाचा, नदी कुठली, माती काळीची लाल कुठं झाली. आणि प्रत्येक चौकात, प्रत्येक वळणावर डावीकडं बघून एक वाक्य ठरलेलं, "अमृतराव, डावी मोकळी."

वीसेक वर्षं मी हे ऐकलं. मग दोन वर्षांपूर्वी वैशाखात गुरुजी गेले. अमृतरावांनी एक दिवस दुकानाचं शटर खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी उघडलं आणि नेहमीसारखे गिऱ्हाइकांशी बोलू लागले. त्या दिवाळीला जीप धुतली गेली नाही. त्याच्या पुढच्याही दिवाळीला नाही. मला पोत्यात घालून स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलं. पोतं एका जागी फाटलेलं होतं. त्या भोकातून मला खाली पंगत बसायची तेवढी जागा दिसायची.

यंदा आषाढात अमृतराव दुकानात पेंड तोलताना खाली बसले. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. मल्लिनाथ आता लातूरला नोकरी करतो. त्यानं त्यांना लातूरच्या दवाखान्यात ठेवलं. चार दिवसांनी घरी आले. आठ दिवसांत बोलणं सुधारलं, हातात ताकद आली. डॉक्टरांनी महिन्यानं डोळे तपासायला बोलावलं होतं.

"डोळ्यांना काय धाड भरली?" अमृतराव म्हणाले. "चांगलं दिसून राहिलंय की." आणि गेले नाहीत.

दुकान घरापासून चाळीस पावलांवर. ते चालत जात, चालत येत. कधी दाराच्या चौकटीला डावा खांदा लागायचा. "ही चौकट आधीपासनं अशीच हाय का गं?" ते विचारायचे. महानंदाबाई हसायच्या.

मग चटणीची भांडणं सुरू झाली.

ताट कसं वाढतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. मीठ, लिंबू, चटणी डावीकडं. भाजी, वरण उजवीकडं. अमृतरावांना शेंगदाण्याच्या चटणीशिवाय घास उतरत नाही. एक दिवस ते ताटावरून ओरडले, "चटणी कामून वाढली न्हाईस?" महानंदाबाई पोळी भाजत होत्या. त्यांनी न बघताच डब्यातून चमचाभर काढली आणि हाताला आली तिथं, उजवीकडं, वाढली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताटात बघितलं. चटणी होती, मिठाशेजारी, जागच्या जागी. आजारानं माणूस चिडका होतो, असं त्यांना वाटलं. "घ्या बाई," म्हणून त्यांनी उजवीकडं दुसरी वाढली. चौथ्या दिवसापासून त्या चटणी उजवीकडंच वाढू लागल्या.

भांडणं मिटली. त्यांना बरं वाटलं. माळ्यावरून बघताना मलाही बरं वाटलं. आम्ही दोघांनी केवढी चूक केली ते तेव्हा आम्हाला कळलं नाही.

दिवाळीला मल्लिनाथ, त्याची बायको आरती आणि नऊ वर्षांची सृष्टी एसटीनं उदगीरला आले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पंगतीच्या जागेवर चहा घेताना मल्लिनाथनं एक रंगीत कागद पुढं केला.

"अप्पा, सहा दिवसांची सहल हाय. लातूरहून बस. हंपी, बदामी, म्हैसूर. नाष्टा, जेवण, राहणं सगळं त्यांच्याकडं. आपण फक्त बसायचं."

"आन् ते शिट्टी वाजवणार, आपण उठायचं," अमृतराव म्हणाले. "शिट्टी वाजली की फोटो काढा, शिट्टी वाजली की मुतायला जा. मी काय कवायतीला जाऊन राहिलो का?"

सृष्टीच्या नाकातून चहा बाहेर आला.

"मग अप्पा, फिरायलाच नको," आरती म्हणाली. तिनं मोबाईल पुढं धरला. "हे बघा, किती छान रिसॉर्ट आहे. चार दिवस एकाच जागी राहायचं. उशिरा उठायचं, पोहायचं, झोपायचं."

"झोपायला इतक्या लांब कामून जायचं, सूनबाई? दुकानात पेंडीच्या गोण्यावर लई झकास झोप लागती. या एकदा."

"अप्पा, तुम्ही ना!"

"जीपनं जाऊ. बारा दिवस. आपली पद्धत."

दोन वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं होतं. मल्लिनाथला वाटलं असणार की वडील आजारातून खरोखर उठले. त्याचा आवाज मऊ झाला.

"मला सुट्टीच तेवढी न्हाई अप्पा. आन् ती जीप मला झेपत न्हाई. ड्रायव्हर तरी घेऊ."

"ड्रायव्हर? अठ्ठावीस वर्षं ती गाडी मी चालवून राहिलो. कुणाला धक्का न्हाई, कुणाचा धक्का खाल्ला न्हाई. उद्या म्हणशील, घास भरवायला माणूस ठेवू."

"मी आबांच्या जीपनं जाणार," सृष्टीनं जाहीर केलं. "आबा मी म्हणेन तिथं गाडी थांबवतात."

"अव्वा, तू तरी बोल की," मल्लिनाथनं ओट्याकडं बघून हाक दिली.

"माझं काय बाबा. तुमी नेताल तिकडं," ओट्यापासून आवाज आला. चकल्यांचा घाणा चालू होता.

शेवटी ठरलं ते असं. अमृतराव, महानंदाबाई आणि सृष्टी जीपनं निघतील. मल्लिनाथ आणि आरती मधल्या शनिवारी रेल्वेनं बदामीला येऊन मिळतील. सगळे समाधानानं उठले. मल्लिनाथ स्टूल घेऊन माळ्यावर चढला, मला पोत्यातून काढलं आणि फुंकर मारली. दोन वर्षांची धूळ त्याच्याच तोंडावर आली.

दुसऱ्या दिवशी गाडीची चाचणी घ्यायची म्हणून अमृतराव देगलूरच्या रस्त्याला निघाले. डावीकडच्या सीटवर सृष्टी आणि तिच्या मांडीवर मी. आजारानंतर ते पहिल्यांदाच स्टेअरिंगवर बसत होते. हात स्थिर होते, गिअर पूर्वीसारखा पडत होता. मला फार आनंद झाला. तो गावाबाहेर पडेपर्यंत टिकला.

गावाबाहेर जीप हळूहळू डावीकडं सरकू लागली. चाकं डांबर सोडून मुरमावर उतरली, खडखडली, पुन्हा वर आली. अमृतरावांना वाटलं रस्ताच खराब आहे. पुढं डावीकडून एक शेतातली वाट येऊन मिळत होती. त्या वाटेनं एक दूधवाला मोटरसायकलवर येत होता, दोन्ही बाजूंना कॅन. तो मला दिसत होता. सृष्टीला दिसत होता. तो हॉर्न मारत होता. जीपचा वेग कमी होईना.

"आबा!" सृष्टी किंचाळली.

ब्रेक लागला. माझं झाकण उडालं, पाणी सृष्टीच्या फ्रॉकवर सांडलं. दूधवाल्यानं गाडी खड्ड्यात घातली म्हणून वाचला. त्याचा कॅन आमच्या डाव्या मडगार्डला घासत गेला होता.

"ओ मामा, डोळे घरी ठिवून आलाव का?"

"तूच कुठनं उगवलास मधीच?"

"उगवलो? कवाधरनं ह्या वाटेनं येऊन राहिलो! हार्न मारून मारून अंगठा दुखला माझा." मग त्यानं सृष्टीकडं बघितलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तो कॅन सारखा करून निघून गेला.

जीप वळवून आम्ही परत निघालो.

"आबा, तुम्हाला तो दिसला नाही का?"

"दिसला की. जरा उशिरा दिसला."

सृष्टी विचार करत राहिली. तिनं माझी कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "मी घरी सांगणार नाही," ती म्हणाली. "सांगितलं तर पप्पा जाऊ देणार नाहीत."

अमृतरावांनी तिला सांग म्हटलं नाही आणि सांगू नको असंही म्हटलं नाही. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. पण मला फक्त तोटी आहे.

निघायच्या आदल्या दिवशी महानंदाबाई जीप पुसायला गेल्या. डाव्या मडगार्डवर लांब ओरखडा आणि त्याच्याभोवती वाळलेले पांढरे डाग. त्यांनी बोट फिरवून वास घेतला. दूध. घरात येऊन त्यांनी सृष्टीला विचारलं. "काही नाही गं आज्जी," ती म्हणाली, आणि अंगणात पळाली. महानंदाबाईंनी पोर वाढवलं होतं. 'काही नाही' किती प्रकारचं असतं, ते त्यांना कळत होतं.

दुपारी शेजारच्या नीलाबाई धपाटे करू लागायला आल्या. प्रवासाला चार दिवस पुरतील एवढे धपाटे करायचे होते. मी धुऊन ओट्यावर पालथा होतो.

"काकांची तब्येत झाली म्हणायची बरी," नीलाबाई म्हणाल्या. "गाडी चालवून राहिले म्हंजे लईच झालं. आमच्या मामंजीला असाच झटका आलता. हातपाय सुधारले, पर भाकर अर्धीच खायचे."

"भूक गेली असंल."

"न्हाई हो काकू. उजवीकडची अर्धी खायचे. डावीकडची तशीच. ताटात हाय तरी 'आणखी वाढ' म्हणायचे. डॉक्टर म्हनले, दोनी डोळ्यांचं डावं अंग गेलंय. आन् त्यांचं त्यांना कळत न्हाई. दिसत न्हाई हेच दिसत न्हाई म्हना."

महानंदाबाईंच्या हातातलं थापायचं फडकं तिथंच राहिलं. तव्यावरचा धपाटा काळा झाला. नीलाबाईंनी तो उलथला.

"काय झालं काकू?"

"नीला, दोन महिने झाले. मी ह्यांना चटणी उजवीकडं वाढून राहिले." त्या हळू बोलत होत्या. "डावीकडची दिसत न्हाई म्हणून भांडत होते. मला वाटलं, रागानं भांडत्यात. मीच झाकलं गं ते. कुणाला कळू दिलं न्हाई. त्यांना सुद्धा."

"आत्ताच्या आत्ता मल्लूला सांगा."

"मल्लू आरडाओरडा करंल. सुनेसमोर हातातली चावी काढून घेईल. आत्ता कुठं माणूस उठून बसलाय. गुरुजी गेल्यापासनं पहिल्यांदा कुठं जातो म्हणलाय."

"आन् पोरगी त्यांच्या शेजारी बसणार हाय, ते?"

महानंदाबाईंनी पुढचा गोळा घेतला. त्यानंतरचा एकही धपाटा गोल झाला नाही.

निघायचा दिवस उजाडला. या घरात लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी अन्नाला शिवत नाही. दोघांची पूजा झाली. जीपमध्ये सामान लागलं होतं. मला काठोकाठ भरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवलं होतं. अमृतराव, मल्लिनाथ, सृष्टी पंगतीला बसले. आरती वाढायला होती. महानंदाबाई म्हणाल्या, "ह्यांचं ताट मी वाढते."

त्यांनी मीठ वाढलं. लिंबाची फोड ठेवली. मग डब्यातून चटणी काढली आणि मिठाशेजारी, डावीकडं, जिथं वाढतात तिथं वाढली. भाजी उजवीकडं. धपाटा मध्ये. ताट पुढं ठेवून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या पदराचं टोक त्यांच्या मुठीत होतं.

अमृतरावांनी दोन घास खाल्ले.

"चटणी संपली का?"

"वाढलीय."

"कुठं?"

"आबा, ही काय!" सृष्टी हसली. "मिठाजवळ."

अमृतरावांनी ताटात बघितलं. मल्लिनाथचा घास हातात राहिला. महानंदाबाई खाली बसल्या. त्यांनी नवऱ्याच्या ताटाच्या कडेला हात लावला आणि ताट सावकाश फिरवलं. डावीकडची चटणी उजवीकडं आली.

"आता?"

अमृतराव चटणीकडं बघत राहिले. मग त्यांनी स्वतः ताट परत फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं.

"चूक माझी हाय," महानंदाबाई म्हणाल्या. "लई दिवस मी ती तुमाला दिसंल अशी वाढून राहिले. पर रस्त्यावर सगळं तुमच्या उजवीकडं कोण आणून ठेवणार हाय?"

मल्लिनाथ उसळून उठला. "अप्पा, तरी मी म्हणत होतो—"

"तू बस," महानंदाबाई म्हणाल्या. एवढ्या जोरात त्या बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. तो बसला.

अमृतरावांनी हात धुतला. मला कडीला धरून उचललं, बाहेर नेलं आणि जीपच्या डाव्या सीटवर ठेवलं. ते स्टेअरिंगवर बसले. सृष्टी धावत आली आणि माझ्या बाजूला चढून बसली. तिला काय झालंय ते नीट कळलं नव्हतं. आबा निघाले एवढंच तिनं बघितलं होतं. अमृतरावांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. माझ्यातलं पाणी हलू लागलं.

दारातून मल्लिनाथ ओरडत होता, "सृष्टी, उतर खाली!" आरती पायऱ्यांवरून धावत येत होती. अमृतराव समोर बघत होते. समोर अंगण मोकळं होतं, फाटक उघडं होतं. त्यांचा हात गिअरवर गेला.

"तुझी आज्जी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"ही काय आबा. समोरच उभी आहे."

महानंदाबाई डाव्या दिव्याला लागून उभ्या होत्या. बॉनेटवर त्यांचा एक हात टेकलेला होता. अमृतरावांनी मान वळवायला सुरुवात केली. थोडी वळवली. आणखी थोडी. मग त्या त्यांना दिसल्या, आणि त्यांचा हात गिअरवरून असा निघाला जसा तापलेल्या तव्यावरून निघतो.

"मी गाडी काढणार होतो," ते म्हणाले.

इंजिन बंद झालं. आरतीनं सृष्टीला उतरवून कडेवर घेतलं, नऊ वर्षांच्या पोरीला. अमृतराव बसून राहिले. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही. त्यांनी हात लांब करून मला चाचपलं, झाकण सरळ केलं. "डावी मोकळी नव्हती," ते कुणाला तरी म्हणाले. जीपमध्ये मीच होतो, पण ते मला म्हणाले असं मला वाटत नाही.

बऱ्याच वेळानं ते उतरले आणि चावी महानंदाबाईंच्या हातात ठेवली. मल्लिनाथ आता अगदी हळू बोलत होता.

"अप्पा, ड्रायव्हर बघतो. जीपनंच जाऊ. तुमची पद्धत."

"थांब जरा." अमृतराव पायरीवर बसले. बायकोकडं बघताना त्यांनी मान पुरती वळवली, आणि तीस-पस्तीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुला कसं जायचंय?"

महानंदाबाई चावीकडं बघत होत्या. त्या "तुमी नेताल तिकडं" म्हणतील असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं.

"मला चूल न पेटवता जायचंय," त्या म्हणाल्या. "तुमी आन् गुरुजी डोंगर बघायचे, तवा मी पीठ मळत असायचे. झाड बदललं, गाव बदललं, स्टोव्ह तोच. मठात उतरलो की तुमी पाठ टेकायचे आन् मी डबे घासायचे, हा थर्मास घासायचे, उद्याचं पाणी भरायचे. वीस वर्षं तुमच्या संगं फिरले, पर सुट्टीला मी गेलेच न्हाई."

मी त्या वीस वर्षांतली एकही दुपार विसरलो नव्हतो. चिंचेची सावली, गुरुजींच्या गप्पा, गार पाण्याचा पेला. त्या पेल्यामागचे हात मात्र मी कधी मोजलेच नव्हते.

"म्हंजे शिट्टीवाली बस?" अमृतराव म्हणाले.

"हाव. वाजवू दे की शिट्टी. ताट वाढलं म्हणून वाजवत असंल तर मी लई आनंदानं उठंन."

आरती आधी हसली. मग सृष्टी. मल्लिनाथनं खिशातून मोबाईल काढला. "बसला आपली नावं आधीच घातली होती, ती काढली नव्हती मी अजून," तो ओशाळून म्हणाला. "बस आज संध्याकाळी लातूरहून निघती."

"खिडकी बघ मग," अमृतराव म्हणाले. "बसच्या डाव्या अंगाची मला देऊ नको. नुसती आतली माणसं बघत बसावं लागंल." थोड्या वेळानं ते पुढं म्हणाले, "आन् निघायच्या आधी त्या डोळ्याच्या डॉक्टरला लातूरला गाठता येतंय का बघ. न्हाईतर आल्यावर तरी."

जीपमधलं सामान उतरलं. स्टोव्ह गेला, पीठ गेलं, डबे गेले. धपाटे नीलाबाईंच्या घरी पोचते झाले. घाईत सगळे मला विसरले. रिक्षा आली, तिच्यात बसताना महानंदाबाईंच्या हातात काहीच नव्हतं. ना डबा, ना पिशवी, ना मी. त्यांनी हात मांडीवर ठेवले, मग पदराखाली घेतले, मग पुन्हा बाहेर काढले. ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या ते जागा बदलून बघत होत्या.

आज त्यांना जाऊन पाच दिवस झाले. काल नीलाबाई फाटकाशी उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. पलीकडून शिट्टी ऐकू येत होती आणि महानंदाबाईंचं हसणंही.

जीप आता कदाचित विकली जाईल. पेंड वाहायला मल्लिनाथ एखादा टेम्पो लावून देईल. माझं काय होईल मला ठाऊक नाही. दुकानाच्या दारात ठेवलं तर बरं. पेंड न्यायला आलेली माणसं उन्हातून आलेली असतात. बसचा प्रवास चांगला की जीपचा, यावर मला काही म्हणायचं नाही. मी एकाच प्रकारानं फिरलो आहे आणि त्यातलंही अर्धंच बघितलं आहे.

माझ्यात अजून बारा लिटर पाणी आहे. पाच दिवसांत ते शिळं झालंय, तळाशी बुळबुळीत थर धरू लागलाय. परवा सगळे परत येतील. तेव्हा माझी एकच विनंती आहे. मला घासायचं काम अमृतरावांनी करावं. फार अवघड नसतं ते. झाकण काढायचं, पाणी झाडाला ओतायचं, हात कोपरापर्यंत आत घालायचा. डावी बाजू दिसली नाही तरी हाताला लागतेच.